दुपारी बारा ते चार

उन्हाळ्यात सकाळी पेपर उघडला की पहिल्याच पानावर कालच्या पाऱ्याचा आकडा ठळक छापलेला असतो. अकोला ४४, चंद्रपूर ४५, जळगाव ४३. आपण तो वाचतो, गरम होतंय खरं असं म्हणतो आणि पान उलटतो. हा आकडा सावलीतला असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. हवामान खात्याचं तापमापक एका पांढऱ्या पेटीत ठेवलेलं असतं. पेटीला चारही बाजूंनी तिरक्या पट्ट्यांच्या झडपा असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. ती जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, मोकळ्या जागी उभी करतात आणि तिचं दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे वाचन घेताना दार उघडलं तरी उन्हाची तिरीप तापमापकावर पडू नये. इतकी काळजी घेऊन मोजलेले ते ४४ अंश. डांबरी रस्त्यावर पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावर मात्र ऊन असतं, पायाखाली तापलेलं डांबर असतं आणि बाजूच्या भिंतीतून झळा येत असतात. तिच्या वाट्याचे ४४ अंश आणि पेटीतले ४४ अंश यांत पुष्कळ अंतर आहे.

दर उन्हाळ्यात सरकार, डॉक्टर, रेडिओ सगळे एकच सांगतात, दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. सल्ला योग्यच आहे. पण तो पाळणं ज्याच्या हातात असतं, तो बहुधा आधीच पंख्याखाली बसलेला असतो. जो बाहेर असतो तो हौसेने नसतो. त्याला कुणीतरी बोलावलेलं असतं. कुणीतरी जेवण मागवलेलं असतं, कुणीतरी आजच्या आज प्लास्टर उरका म्हणून सांगितलेलं असतं, कुणीतरी लग्नाचा मुहूर्त साडेबाराचा धरलेला असतो. तो कुणीतरी म्हणजे पुष्कळदा तुम्ही आणि मीच. म्हणून या उन्हाळ्यात माझी एकच विनंती आहे. या चार तासांत स्वतः तर उन्हात जाऊ नकाच, पण दुसऱ्या कुणालाही उन्हात बोलावू नका.

ऊन लागतं म्हणजे नक्की काय होतं, ते आधी समजून घेऊ. आपलं शरीर आतून साधारण ३७ अंशांवर चालतं आणि बाहेर कितीही तापलं तरी ते तिथेच राखायची त्याची धडपड असते. त्यासाठी त्याच्याजवळचं मोठं साधन म्हणजे घाम. घराच्या कोपऱ्यातला माठ पाणी गार कसं करतो? पाणी बारीक छिद्रांतून पाझरतं, बाहेरच्या अंगावर येऊन वाळतं आणि वाळताना माठातली उष्णता घेऊन जातं. अंगावरचा घाम हेच करतो. एक लिटर घाम वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता काढून नेतो. मात्र तो वाळला पाहिजे. नुसता टपटप गळून गेला तर पाणीही गेलं, मीठही गेलं आणि अंग काही गार झालं नाही. पावसाळ्यात माठातलं पाणी गार होत नाही, कारण हवा दमट असते. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत मे महिन्यात माणसाची तीच गत होते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांनी हे नीट ध्यानात ठेवायला हवं. आपल्याकडे ऊन म्हटलं की डोळ्यांसमोर विदर्भ येतो आणि समुद्राकाठचा माणूस म्हणतो, आमच्याकडे कुठे पंचेचाळीस होतात? हवामान खात्याचे नियमही हा फरक मानतात. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलेलं असेल, तर उष्णतेची लाट मानतात. किनाऱ्यावर त्यासाठी ३७ अंश पुरतात. ४५ झाले की मैदानात सरासरीचा हिशेब न करताच लाट धरतात आणि ४७ झाले की तीव्र लाट. म्हणजे किनाऱ्यावरचे ३७ काय आणि वऱ्हाडातले ४५ काय, दोन्ही सारख्याच गांभीर्याने घ्यायचे आहेत.

१६ एप्रिल २०२३ हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय श्रद्धेने आला होता आणि भर दुपारपर्यंत उन्हात बसून होता. उष्माघाताने त्यांतले चौदा जण गेले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. अडतीस! हा आकडा पेपरात वाचून आपल्यापैकी कुणीही दचकलं नसतं.

आकड्यांविषयी आणखी एक सांगायला हवं, कारण हल्ली ते फोनवरून फार फिरतात. मे २०२४ च्या अखेरीस दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर खळबळ उडाली. तपासणीत ते यंत्र तीन अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्याच दिवसांत नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राचा ५६ अंशांचा आकडा घरोघरी पोचला, तोही यंत्राच्या बिघाडाचाच होता. भारतात आजवरचा मान्य उच्चांक ५१ अंशांचा आहे, राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. असे आकडे पुढे पाठवण्यात दोन तोटे आहेत. एक तर घबराट होते. दुसरा तोटा मला जास्त काळजीचा वाटतो. छप्पन ऐकलेल्या माणसाला बेचाळीस किरकोळ वाटू लागतात. त्यापेक्षा हवामान खात्याचा रंगाचा इशारा बघा. पिवळा, नारिंगी, लाल. आणि कमाल तापमानाबरोबर रात्रीचं किमान तापमान व हवेतला दमटपणाही बघत जा. रात्र गार झाली नाही तर दिवसभर तापलेल्या शरीराला विसावा मिळत नाही. असे दोन-तीन दिवस लागोपाठ गेले की म्हातारी माणसं आणि हृदयाचे रुग्ण हातचे जातात.

याच दिवसांत एक गंमतही असते, ती मुलांना जरूर दाखवा. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या आसपास. दुसरी वेळ पावसाळ्यात येते, तेव्हा बहुधा ढग असतात. त्या दिवशी गॅलरीत एखादी बाटली किंवा पाटीवर उभा डबा ठेवा. मुंबईत साडेबारा वाजून गेले की पाचेक मिनिटांनी त्याची सावली त्याच्याच बुडाखाली गुडूप होते. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे हे बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला घडतं. मूल एकदा हे बघतं आणि भूगोलातला अख्खा धडा त्याला कळतो.

पण ही गंमत सावलीच्या शोधात असलेल्या माणसाच्या बाजूने बघितली तर वेगळी दिसते. मे महिन्यात मध्यान्हीला भिंतीला सावलीच नसते. रस्ता खोदणारे मजूर जेवायला बसतात तेव्हा ज्या कुंपणाच्या आडोशाला बसायचं, त्याची सावली वीतभरही उरलेली नसते. आणि सर्वांत जास्त तापतं तेही बारा वाजता नव्हे. जमीन तापायची, तिने हवा तापवायची, याला वेळ लागतो. त्यामुळे पारा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान सर्वांत वर जातो. बारा वाजले, आता उतरतीला लागेल, असं म्हणून एखाद्याला एक वाजता कामाला पाठवणं म्हणजे त्याला नेमकं दिवसाच्या कळसाकडे पाठवणं.

आता आपण कुणाला बोलावतो ते बघू.

धुणीभांडी करणाऱ्या मावशींची दुसरी खेप बहुतेक घरांत दुपारी दोनला असते. आपल्या जेवणाची भांडी लगेच घासली जावीत म्हणून ती वेळ पडली आहे. त्यांना चार-पाच घरं असतात, प्रत्येक घराची वेळ गुंतलेली असते, त्यामुळे एकाच घराने वेळ बदलून फार काही साधत नाही. म्हणून इमारतीतल्या दोन-तीन घरांनी मिळून बोला. एप्रिल-मेपुरती दुसरी खेप साडेचार-पाचला करा किंवा सकाळच्याच खेपेत दोन्ही उरका. दुपारची भांडी पाण्यात भिजत ठेवली तर आभाळ कोसळत नाही. दोन महिन्यांसाठी एक वेळ सुटली तरी चालेल, पगार मात्र कापू नका. ऊन टाळल्याबद्दल माणसाचे पैसे कापले की तो उन्हातच जाणार.

घरपोच जेवण, किराणा, औषधं आणून देणाऱ्या मुलांचंही तेच. दहा मिनिटांत सामान येतं याचा आनंद मला समजतो, आजारी माणसाला त्याचा आधारही असतो. पण दुपारी तीन वाजता आइस्क्रीमसाठी एका पोराला हेल्मेट घालून दुचाकीवर तापलेल्या रस्त्यावर आणायचं, हे आपण ठरवून टाळू शकतो. अशा मुलांची कमाई फेऱ्यांवर असते, मागणी बंद झाली तर त्यांचंच नुकसान, असं कुणी म्हणेल. खरं आहे. म्हणून मागवणं बंद करा असं मी म्हणत नाही. संध्याकाळी सातला मागवा. औषधासारखं काही दुपारी मागवावंच लागलं तर आलेल्या मुलाला जिन्यात थांबवू नका, दारात पंख्याचा वारा येतो तिथे दोन मिनिटं बसवा, पाणी द्या. सोसायटीच्या गेटवर त्यांना गाडी बाहेर लावून तिसऱ्या इमारतीपर्यंत चालत जायला लावणारे नियम असतात आणि लिफ्टच्या बाबतीतही वेगळा नियम असतो. हे नियम उन्हाळ्यापुरते तरी रद्द करावेत, असा ठराव तुमच्या पुढच्या बैठकीत मांडा.

आणि लग्नं. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण आपल्याकडे लग्नांचा हंगाम नेमका भर उन्हाळ्यात येतो. शाळांना सुट्ट्या असतात, शेतीची कामं उरकलेली असतात, हातात पैसा असतो, कारणं सगळी रास्त आहेत. पण पत्रिकेवर मुहूर्त असतो दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. पाहुणे एस.टी.ने, जीपने, टेम्पोतून तापत येतात. वऱ्हाड उशिरा पोचतं, मुहूर्त एकावर जातो. तोवर बँडवाले गळ्यापर्यंत बंद कोट घालून, तापलेलं पितळ तोंडाला लावून उन्हात वाजवत असतात. मांडवामागे पत्र्याच्या आडोशाला आचारी आणि वाढपी भट्टीसमोर उभे असतात. त्यांच्यापुढची आग आणि डोक्यावरचं ऊन मिळून काय होत असेल ते कुणी मोजत नाही, तिथे पांढरी पेटी नसते. घोड्यावर बसलेला नवरदेव फेटा आणि शेरवानीत घामाघूम, आणि ज्याच्यावर तो बसलेला आहे त्या मुक्या जिवाला तर तक्रारही करता येत नाही.

यावर तोडगा आपल्याच परंपरेत आहे. गोरज मुहूर्त शुभ मानला आहे. गाई घरी परतायची वेळ, ऊन उतरलेलं, वारा सुटलेला. विदर्भात संध्याकाळची लग्नं नवीन नाहीत. गुरुजींकडे तारीख काढायला जाल तेव्हाच सांगा की आम्हाला गोरज किंवा सकाळी नऊच्या आतला मुहूर्त काढून द्या. ते देतात. पत्रिका छापून झाल्यावर काही करता येत नाही, म्हणून हे आधीच करायचं. आणि ज्यांचं लग्न दुपारचंच ठरून गेलं आहे त्यांनी वरात रद्द करावी, बँड मांडवाच्या आत बसवावा, बँडवाल्यांना कोट काढायची मोकळीक द्यावी, आचाऱ्याच्या भट्टीपाशी मोठा पंखा आणि पिण्याच्या पाण्याचा जार ठेवावा. हॉलच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही.

जाहीर सभा, उद्घाटनं, शोभायात्रा, मेळावे यांच्या आयोजकांनाही हेच सांगणं आहे. पाहुणे दोन तास उशिरा आले तर मांडवाबाहेरच्या माणसांचं काय होतं, याचा विचार तारीख घेतानाच करा. तुमच्या गावात कुणी दुपारी एकचा कार्यक्रम ठरवत असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन, शांतपणे पण ठामपणे, वेळ बदला म्हणून सांगा. एवढं बोलायला कुठलंही पद लागत नाही.

बांधकामाचं काम काढणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. गावाकडून काल आलेला, आजारातून उठलेला किंवा सुट्टीवरून परतलेला मजूर पहिल्याच दिवशी पूर्ण कामाला जुंपला तर त्याला सर्वांत जास्त धोका असतो. त्याला पहिले काही दिवस थोडं आणि सावलीतलं काम द्या. सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबायचं, मग साडेचारनंतर अंधार पडेपर्यंत, असा दिवस वाटून घेता येतो. शेतावर आपले बापजादे असाच दिवस वाटून घेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर रोज दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. कतारमध्ये १ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळी दहा ते दुपारी साडेतीन बंदी असते. आपल्याकडचे कितीतरी लोक तिथे कामाला आहेत, त्यांना या नियमाचा लाभ मिळतो. मग त्यांच्याच भावांना इथे आपण तेवढी सवलत का देऊ नये? कामाचं नुकसान होईल ही भीती उलट बाजूने बघावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला होता की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील. तापलेला माणूस काम हळू करतो, चुका करतो, पडतो. ते तास तसेही जाणारच आहेत.

ज्यांना बाहेर राहण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांना दुपारी टेकायला जागा हवी. आपल्या पुष्कळ शहरांत महापालिकेच्या बागांची फाटकं नेमकी दुपारी बंद असतात. झाडांची सगळी सावली कुलपात आणि माणसं फुटपाथवर. अहमदाबादने या बाबतीत चांगला धडा घालून दिला आहे. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करायचा आराखडा तयार केला, दक्षिण आशियातला पहिला. आधी इशारा देणं, डॉक्टरांना उष्माघात ओळखायला शिकवणं, पाण्याची सोय आणि बागा उघड्या ठेवणं अशी साधीच कामं त्यात आहेत. आपल्या नगरसेवकाकडे, मुख्याधिकाऱ्याकडे बागेचं फाटक दुपारी उघडं ठेवा अशी लेखी मागणी करा. पन्नास सह्या घेऊन जा. गावांत देवळाचा सभामंडप आणि समाजमंदिर आहेच. फक्त कुलूप काढायचं आणि पाण्याचा एक माठ भरून ठेवायचा आहे.

पाण्याच्या बाबतीत आपल्याला नवीन काही शिकायचं नाही. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देतात. खानदेशात आखाजीला घागर पुजतात. सण बरोबर उन्हाच्या तोंडावर ठेवला आहे. हा घट यंदा देव्हाऱ्यापुढे ठेवून पुजा आणि मग रस्त्यावर नेऊन ठेवा. पाणपोई घालायला कुणाचा फलक लागत नाही. एक रांजण, त्याला गुंडाळलेलं ओलं लाल फडकं, पाण्यात वाळ्याची जुडी, वर झाकण आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे हात बुडत नाहीत. मात्र तो रोज रिकामा करून घासायची जबाबदारी एका माणसाने नावानिशी घ्यावी. उन्हाळ्यात कावीळ आणि जुलाब पाण्यातूनच पसरतात. रस्त्यावरच्या सरबतातल्या बर्फाचंही बघून घ्या. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंगवायचा, असा नियम राज्यात २०१८ पासून आहे. निळसर दिसला तर तो घेऊ नका.

ताक, पन्हं, कोकमचं सरबत, ज्वारीची किंवा नाचणीची आंबील, यांत पाणी असतं आणि मीठही. तहान लागायची वाट न बघता घोट घोट घ्यावं. फार घाम गेला असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. मीठसाखरेच्या पाण्याचं माप पाठ करून ठेवा. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जास्त मीठ घालू नका, अपाय होतो. या साध्या पाण्याने काय केलं आहे ते ऐका. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज आणि क्षार मिसळलेलं पाणी पिंपांतून वाटायला सुरुवात केली, आणि ते पाजायचं काम आजाऱ्यांच्या नातेवाइकांवरच सोपवलं. साधारण तीस टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आतड्यातून साखर शोषली जाते तेव्हा ती मिठाला आणि पाण्याला सोबत घेऊन जाते, सगळी करामत एवढीच. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र उन्हाळ्यात किती पाणी आणि किती मीठ घ्यायचं, औषधांचं काय करायचं, ते आपल्या डॉक्टरांना आताच विचारून घ्यावं. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असलेल्यांनी तर नक्कीच.

इतकं करूनही एखाद्याला ऊन लागलंच तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. डोकं दुखतं, मळमळतं, पायांत गोळे येतात, चक्कर येते, तोवर वेळ हातात असतो. सावलीत आणा, कपडे सैल करा, पाणी पाजा, पडू द्या. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजा. त्यात शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं आणि मिनिटामिनिटाला मेंदू, मूत्रपिंडं यांना इजा होत असते. घाम थांबून कातडी कोरडी पडलेली असेलच असं नाही, उन्हात राबणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नका. वरचे कपडे काढा, नळाचं पाणी अंगावर ओतत राहा, पुठ्ठ्याने, पंख्याने वारा घाला, काखेत, मानेशी आणि जांघेत बर्फाचा किंवा गार पाण्याचा कपडा ठेवा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही. खिशातल्या कांद्यावर किंवा नाकाला लावलेल्या चपलेवर वेळ घालवू नका. आधी गार करा, मग हलवा.

घरात कूलर असेल तर पाणी भरताना स्विच बंद करून प्लगही काढा. विदर्भ-खानदेशात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं, विशेषतः बाया आणि मुलं, दगावल्याच्या बातम्या येतात. लहान मुलाला किंवा आजोबांना पाच मिनिटांत येतो म्हणून बंद गाडीत बसवून जाऊ नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी गच्चीवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पत्र्याच्या घरावर पांढरा रंग किंवा नुसतं गवत-पेंढा टाकला तरी फरक पडतो. आणि शेजारी एकटी राहणारी म्हातारी आजी असेल तर दुपारी चार वाजता एकदा दार वाजवून या. अशा मृत्यूंत पुष्कळसे बंद दारांआडचे असतात, हे उष्णतेच्या लाटा पाहिलेल्या सगळ्या शहरांना कळून चुकलं आहे.

आता शेवटचं. हे सगळं मे संपला म्हणून सोडू नका. सूर्य रोहिणीत आल्यावर, २५ मेपासूनचे नऊ दिवस विदर्भात नवतपा म्हणून मानतात आणि तेव्हा लोक सांभाळून असतात. पण त्यानंतर मृगाची एखादी सर येऊन गेली की सगळे निर्धास्त होतात आणि राहिलेली कामं दुपारी काढतात. पेरणीची घाई, गळकी छपरं, लांबलेली लग्नं, सगळं त्याच आठ-दहा दिवसांत येतं. पारा चार अंशांनी उतरलेला असतो, पण हवेत ओल भरलेली असते आणि घाम वाळत नाही. पाऊस नीट लागून वारा गार होईपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत आणि पाऊस लांबला तर त्याहूनही पुढे, बारा ते चारची वेळ पाळा. मजुरांना, मावशींना, बँडवाल्यांना आज ठरवतानाच ही मुदत सांगून ठेवा.